ब्रेकला गियरचं आउटर घालणाऱ्यांनी दुकान बंद करावं

जुलैच्या पावसात ताम्हिणी उतरत होतो. अर्ध्या घाटात डावा लिव्हर दाबला आणि तो थेट मुठीला टेकला. मागचा ब्रेक गेला होता. पुढच्या ब्रेकवर, एक पाय रस्त्याला घासत, कठड्याशी सायकल कशीबशी थांबवली. पाहिलं तर वायर शाबूत, पॅड नवीन. फुटलं होतं आउटर, म्हणजे वायरीवरचं आवरण. वरचं प्लास्टिक उकललेलं आणि आतल्या पोलादी तारा केरसुणीच्या काड्यांसारख्या बाहेर आलेल्या. आठच दिवसांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. तिथे रिळावरचं चार मिलिमीटरचं गियरचं आउटर कापून ब्रेकला घातलं होतं. जाब विचारला तर म्हणे, "सर, दोन्ही सारखंच असतं. सगळे हेच घालतात."

सारखं नसतं. आणि हे ज्याला ठाऊक नाही, त्याला दुसऱ्याच्या ब्रेकला हात लावायचा अधिकार नाही.

आतली वायर जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने आउटर दोन्ही टोकांनी दाबलं जातं. बाउडेनने १८९६ साली या केबलचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ती याच एका गोष्टीवर चालते. गियरच्या आउटरमध्ये तारा लांबीला धरून शेजारीशेजारी असतात आणि त्यांना एकत्र ठेवतं ते फक्त वरचं प्लास्टिक. गियर बदलण्याची ओढ त्यांना पेलते. घाटउतारावर पूर्ण मुठीने दाबलेला ब्रेक पेलत नाही, तारा प्लास्टिक फोडून बाहेर येतात. ब्रेकचं आउटर म्हणूनच वेगळं, पाच मिलिमीटर जाड आणि आत पोलादाची पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. ते असं फुटत नाही.

पण ते दबतं, आणि डिस्क ब्रेकवाल्यांचं खरं दुखणं इथे आहे. ब्रेक दाबला की त्या वेढ्यांमधल्या फटी मिटतात आणि हाताने दिलेली ओढ तिथेच जिरते. डिस्क आणि पॅड यांच्यात जागा असते मिलिमीटरच्या काही दशांशांची, आणि पॅड तेवढं सरकवून घट्ट आवळायला कॅलिपरचा दांडा वायरची बरीच ओढ खातो. मागच्या चाकापर्यंत सलग आउटर नेलं तर ते भरतं दीड मीटरच्या आसपास. एवढ्या लांबीत थोडंथोडं जिरत गेलं की लिव्हर स्पंजासारखा लागणारच. दुकानदार लगेच सांगतो, मेकॅनिकल डिस्क अशीच असते, हायड्रॉलिक घ्या. ज्याने गिऱ्हाइकाला आउटर बदलून एकदाही दाखवलेलं नाही, त्याने दिलेला हा सल्ला म्हणजे शुद्ध लबाडी आहे.

माझ्या सायकलवर एव्हिडचा बीबी-सेव्हन हा मेकॅनिकल डिस्क ब्रेक आहे, डिस्क १६० मिलिमीटरची. त्या प्रसंगानंतर मी जॅगवायरचं न दबणारं आउटर घातलं. यातही तारा लांबीलाच धरून असतात, पण भोवती केव्लारची मजबुती असते, त्यामुळे ते ना फुटत, ना आखडत. त्यातून गुळगुळीत केलेली स्टेनलेसची वायर ओढली. पॅड तेच, डिस्क तीच, कॅलिपर तोच, पण मागचा लिव्हर आता अर्ध्यावर दगडासारखा थांबतो. या आउटरला ताठपणा फार. हँडलपाशी त्याला आवळून वळवू नका, लांबी सढळ ठेवा, नाहीतर वायर आत घासत राहते.

आणि टोकं! चांगलं आउटर आणून पक्कडीने चेचून कापणारे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. चेचलेलं टोक टोपीत तिरकं बसतं, दर वेळी ब्रेक दाबताना थोडं हलतं आणि मग महागडं आउटरही स्वस्तातल्यासारखंच वागतं. केबल कटरने कापायचं, कानशीने टोक सपाट करायचं, आतली मिटलेली नळी दाभणाने उघडायची, मग टोपी चढवायची. पाच मिनिटांचं काम आहे. ही पाच मिनिटं गिऱ्हाइकाला न देणारा मेकॅनिक कामचुकार आहे, मग त्याच्या दुकानात कितीही परदेशी सायकली टांगलेल्या असोत.

वायरीचंही तेच. साधी जस्त चढवलेली वायर कोकणच्या खाऱ्या हवेत गंजते. टेफ्लॉनचा थर दिलेली घेतली तर तो थर घासून सुटतो आणि आउटरमध्येच साचतो. स्टेनलेस घ्या, आणि मिळाली तर १.५ ऐवजी १.६ मिलिमीटरची. फरक किरकोळ दिसतो, पण पोलाद जवळजवळ १४ टक्के जास्त असतं आणि तेवढी ती कमी ताणते. पॅड झिजलं की वायर ओढून घेणं हा आणखी एक आळस. त्याने कॅलिपरचा दांडा आधीच अर्धा फिरलेला राहतो आणि पुढे ओढायला जागाच उरत नाही. पॅड जवळ आणायची चकती कॅलिपरवरच दिलेली असते, ती फिरवा.

राग फक्त दुकानांवर नाही. शंभर ग्रॅम वजन कमी व्हावं म्हणून हजारो रुपये मोजणारे माझे सायकलमित्र ब्रेकचं आउटर किती वर्षांचं आहे हे सांगू शकत नाहीत. पावसाळी राईडच्या आधी मी आता प्रत्येकाचा मागचा लिव्हर स्वतः दाबून बघतो. मुठीला टेकला तर त्या माणसाला घाटात नेत नाही. दोघे यावरून माझ्याशी बोलेनासे झाले आहेत.