कारभारी आणि सोयरा

ख्रिस्ती संस्थेच्या कारभाऱ्याचा मेहुणा विटा-चुन्याचा व्यापारी असला, आणि देवळाच्या दुरुस्तीचा मक्ता त्यालाच मिळाला, तर चोरी झाली असें आम्ही म्हणत नाहीं. कदाचित् त्याचा भाव रास्तही असेल. परंतु तो रास्त आहे हें ठरविणार कोण? घेणाराचा जो सोयरा, तोच देणाराचा कारभारी! आणि पैसा तर बहुधा गरिबांनीं दिलेला.

ख्रिस्तसभेनें हा धोका ओळखिला आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचें १२९८ वें कलम सांगतें कीं, क्षुल्लक बाब सोडल्यास, धर्मसंस्थेची मालमत्ता तिच्या कारभाऱ्यांस किंवा चुलत-मावस भावंडांपर्यंतच्या त्यांच्या नातलगांस वरिष्ठांच्या खास लेखी परवानगीवांचून विकूं अगर भाड्यानें देऊं नये. बिशपांच्या तितक्याच जवळच्या आप्तांस धर्मप्रांताच्या अर्थमंडळावर मज्जाव आहे. २०२१ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं व्हॅटिकनच्या नोकरांस कामानिमित्त ४० युरोंहून अधिक किंमतीची भेट घेण्यास मनाई केली.

कोणी म्हणेल, "आम्ही प्रामाणिक असतां हा अविश्वास कां?" आमच्या मतें नियम हा अविश्वास नव्हे, प्रामाणिक मनुष्याचें तें कवच होय. आपलें नातें आधींच उघड सांगून जो निर्णयाच्या वेळीं बाजूस बसतो, त्याच्याकडे बोट दाखविण्यास कोणास जागाच उरत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गाची वर्गणी सांभाळतांना, खेळाचा संघ निवडतांना हीच संवय लावून घ्या. "हा माझा भाऊ आहे, निवड दुसऱ्यानें करावी," एवढें म्हणण्यास धैर्य लागतें. तें तुमच्या अंगीं येवो!