नवजात पालीचे संगोपन
पाल चुकचुकली की शकुनाचा विचार करणाऱ्या आपल्या समाजाला, अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या रुक्ष प्रदेशातील ठिपकेदार ‘लेपर्ड गेको’ ही पाल युरोप-अमेरिकेतील घरांत हौसेने पाळली जाते, हे ऐकून नवल वाटेल. परंतु अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तिच्या जेमतेम 8 सेंटिमीटर लांबीच्या पिल्लाच्या बाबतीत पालकाच्या अंगी उत्साहापेक्षा संयमच अधिक असावा लागतो. शरीरात शेष राहिलेल्या बलकावर निर्वाह करणारे हे पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत अन्नाला बहुधा शिवत नाही, म्हणून त्याच्या उपवासाने धास्तावून किड्यांचा भडिमार करणे व्यर्थ होय. प्रत्येक पिल्लास स्वतंत्र डबा, तळाशी आतडे तुंबविणाऱ्या वाळूऐवजी साधा टिपकागद, एका बाजूस सुमारे 32 अंश सेल्सियसची ऊब व दुसऱ्या बाजूस गारवा, कात सुलभतेने सुटावी म्हणून दमट शेवाळाचा आडोसा, उथळ भांड्यात पाणी आणि कॅल्शियमची पूड लावलेले बारीक जिवंत रातकिडे, एवढा बंदोबस्त प्रारंभी पुरेसा आहे. हाताळण्याचा मोह मात्र काही आठवडे कटाक्षाने आवरावा, कारण भयभीत पिल्लू शेपटी टाकून देते आणि नवी उगवलेली शेपटी पहिलीसारखी कधीच होत नाही.