वेगाचा विवेक

प्रवासाला निघालेल्या माणसाला निरोप देताना 'सावकाश जा' असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. 'लवकर पोच' असे सहसा कोणी म्हणत नाही. पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून आलेल्या या दोन शब्दांत मोठे शहाणपण साठविलेले आहे. बैलगाडीच्या काळात त्यांचे जेवढे मोल होते, त्याहून कितीतरी अधिक ते आजच्या मोटारसायकलीच्या काळात आहे. आणि ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अरण्य आहे, त्या रस्त्यावर तर माणसाचे व मुक्या प्राण्याचे, अशा दोघांचेही प्राण या दोन शब्दांवर अवलंबून असतात.

महाराष्ट्रात असे रस्ते थोडेथोडके नाहीत. विदर्भात चितळ, रानडुकरे आणि नीलगाई रस्ता ओलांडताना दिसतात. नीलगाईला तिकडे रोही म्हणतात. कोल्हापूर व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत घाटाच्या एखाद्या वळणावर अवचित गवा उभा असतो. पूर्ण वाढ झालेल्या रोही नराचे वजन 200 किलोग्रॅमपर्यंत भरते. गव्याचा मोठा नर तर 700 किलोग्रॅमच्याही पुढे जातो. अशा जनावरावर मोटारसायकल आदळली तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. मोटारगाडीत बसलेल्या माणसाभोवती निदान पत्र्याचे कवच असते. दुचाकीवरील माणसाभोवती वाऱ्याखेरीज काहीच नसते.

असा अपघात घडला की लोक म्हणतात, "जनावर एकाएकी आडवे आले, त्यात चालकाचा काय दोष?" हे म्हणणे मला पटत नाही. जनावर एकाएकी येते हे खरे; पण अरण्यात ते एकाएकी येणार, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. जे ठाऊक आहे त्याची तयारी करावयाची नाही आणि मग दैवाला बोल लावावयाचा, हा न्याय नव्हे.

थोडे गणित मांडून पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांनी पाहावे, मनाने ओळखावे आणि हातापायांनी ब्रेक दाबावा, एवढ्यात साधारणपणे एक सेकंद निघून जातो. ब्रेक लागल्यावरही गाडी जागच्या जागी थांबत नाही. चांगल्या, कोरड्या रस्त्यावरही ती आणखी 20 ते 25 मीटर पुढे जाते. म्हणजे एकूण अंतर सुमारे 40 मीटर झाले. आता रात्री दिव्याचा झोत खाली वळवलेला असताना रस्ता किती अंतरापर्यंत नीट दिसतो? साधारणपणे 30 ते 40 मीटर! म्हणजे जनावर दृष्टीस पडते, तेव्हाच थांबण्याची वेळ हातची गेलेली असते. वेग ताशी 40 किलोमीटर असेल, तर तीच गाडी 20 ते 22 मीटरांत थांबते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हा निसर्गाचा नियम आहे आणि तो कोणाच्या घाईसाठी बदलत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: अरण्यातील रस्त्यावर आपला दिवा जेथपर्यंत पोहोचतो, त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग असावा.

प्राण्यांच्या सवयी ओळखणे हेही चालकाचे कर्तव्यच होय. पहाटे आणि सायंकाळी अनेक प्राणी चारापाण्यासाठी हिंडू लागतात. त्या वेळी विशेष जपावे. एक चितळ रस्ता ओलांडून गेले म्हणून लगेच गाडी दामटू नये. त्याच्यामागे सारा कळप येत असतो. रानडुकराची मादी पुढे गेली, तर तिची पिले मागे असण्याचा संभव असतो. रात्री चितळाचे किंवा बिबट्याचे डोळे प्रकाशात चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा एक पडदा असतो. रानडुकराच्या डोळ्यांत तो नसतो. शिवाय ते बुटके आणि काळपट असते. तेव्हा 'डोळे चमकले नाहीत, म्हणजे रस्ता मोकळा आहे' असे समजणे धोक्याचे ठरते. प्राणी दिसताच दिव्याचा झोत खाली करावा, कारण प्रखर प्रकाशाने दिपून तो जागीच खिळून राहतो. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक बेताबेताने दाबावेत. प्राण्याला चुकविण्यासाठी एकदम वळणारी गाडी पुष्कळदा झाडावर तरी जाते, नाही तर समोरच्या वाहनावर.

आणि हानी काही माणसाचीच होते असे नाही. 2017 च्या डिसेंबरात बोर व्याघ्रप्रकल्पातील 'बाजीराव' नावाचा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मरण पावला. ज्याच्या डरकाळीने सारे रान स्तब्ध होते, त्याचेही वेगापुढे काही चालले नाही.

यावर काही जण सुचवतील, "रस्त्यांना दोन्ही बाजूंनी कुंपण घाला, म्हणजे प्रश्नच मिटेल." पण पाणवठा एका बाजूला आणि चारा दुसऱ्या बाजूला असेल, तर प्राण्यांनी जावे कोठे? नुसते कुंपण घालणे म्हणजे एका अरण्याची दोन तुरुंगांत वाटणी करणे होय. याहून चांगला मार्ग पेंचच्या अरण्यात दिसून आला आहे. नागपूरहून उत्तरेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 तेथून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उंच उचलून खालून प्राण्यांसाठी वाट मोकळी ठेवण्यात आली. त्यांपैकी सर्वांत लांब वाट 750 मीटरांची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तेथे कॅमेरे लावून पाहणी केली, तेव्हा वाघासह 18 जातींचे वन्य प्राणी त्या वाटांनी ये-जा करताना आढळले. माणसाने मनात आणले, तर दोघांचीही सोय होऊ शकते, याचा हा पुरावाच आहे. परंतु प्रत्येक घाटात आणि प्रत्येक गावरस्त्यावर असे पूल बांधणे शक्य नाही. जेथे पूल नाही, तेथे चालकाचा विवेक हाच प्राण्यांचा पूल.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही अजून लहान आहोत. आम्हांला मोटारसायकल चालवावयाची नाही. मग हे सारे आम्हांला कशाला?" मला तर वाटते की, हे तुम्हांलाच सांगितले पाहिजे. वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या मागे तुम्ही कितीतरी वेळा बसता. मागे बसणारा म्हणजे गाडीवर बांधलेले गाठोडे नव्हे. पुढच्याचे डोळे रस्त्यावर असतात. तुमचे डोळे कडेच्या झुडपांवर असू द्या. अरण्य लागताच "बाबा, जरा सावकाश," "दादा, झोत खाली कर," असे नम्रपणे सांगावयास संकोचू नका. मुलाच्या अशा शब्दाला घरात मान असतो. हेल्मेट चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही आवश्यक आहे; मोटार वाहन कायद्यानेही ते बंधनकारक केले आहे. ते हाताला अडकवून उपयोग नाही. डोक्यावर चढवून त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधावा लागतो. घाटात थांबलात, तर वानरांना खाऊ घालू नका आणि उष्टे अन्न रस्त्याकडेला टाकू नका. आपली ती भूतदया त्यांना रस्त्यावर येण्याची सवय लावते आणि शेवटी त्यांच्याच जिवावर बेतते. कोठे अपघात झालेला दिसला, तर 112 या क्रमांकावर कळवावे. जखमी प्राण्याजवळ मात्र जाऊ नये, वनखात्याला वर्दी द्यावी.

वेगाने गाडी पळविण्यात शौर्य आहे, असे पुष्कळ तरुणांना वाटते. पण मूठ पिळून वेग वाढविणे कोणालाही जमते. त्याला बळ लागत नाही, बुद्धीही लागत नाही. हाती वेग असूनही तो दुसऱ्याच्या जिवासाठी आवरून धरणे, याला मन खंबीर असावे लागते. उद्या तुमच्या हाती ही वाहने येतील, तेव्हा एवढे ध्यानात ठेवा की, आपण ज्या रस्त्यावरून जात आहोत तो जरी माणसाने बांधला असला, तरी त्याला छेदून जाणाऱ्या पायवाटा त्याच्याही आधीच्या आहेत. त्या वाटांवरील वाटसरूंना आधी जाऊ देण्यात आपला फार तर अर्धा मिनिट खर्च होईल. तेवढा वेळ ज्याच्यापाशी नाही, त्याने अरण्याच्या वाटेस जाऊच नये.