परसबाग आणि पाण्याचा हिशेब

बागकाम म्हटले की बंगल्यापुढची हिरवळ डोळ्यांसमोर येते. कामगार माणूस लगेच म्हणतो, "प्यायला पाणी पुरत नाही, झाडांना कुठून घालू?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हिंगणघाटात वस्तीतील परसबाग आणि पाणीबचत या विषयावर एक परिषद भरावी, असे आम्हास वाटते. मात्र ती हारतुऱ्यांची नको, हिशेबाची हवी.

हिशेब असा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा बाय वीस फुटांचे टिनाचे छप्पर सुमारे साडेअठरा चौरस मीटर भरते. आपल्या वर्धा जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एवढ्याशा छपरावर अठरा हजार लिटर पाणी पडते आणि नालीवाटे वाहून जाते! सगळे साठवता येणार नाही, हे खरे. पण छपराच्या कडेला पन्हाळी लावावी, पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून द्यावे, मग ड्रम भरावा. त्यावर कापड घट्ट बांधावे, नाहीतर डास होतील. उरलेले पाणी घरापासून दूर शोषखड्ड्यात मुरवावे.

उन्हाळ्यासाठी मडक्याची युक्ती चांगली. कच्च्या रंगाचा लेप नसलेले साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरून झाकावे. माती सुकेल तसे पाणी हळूहळू पाझरते व मुळांनाच मिळते. भोवती वांगी, टमाटर, दोडका लावावा. आपली काळी माती उन्हात भेगाळते व ओल उडून जाते. त्यावर सोयाबीनचे कुटार किंवा वाळला पालापाचोळा पसरावा. भांडी धुतलेले पाणी केळी, कर्दळीला द्यावे. पालक, सांबार अशा पालेभाजीवर टाकू नये.

हे एकट्यादुकट्याचे काम नाही, असेही कोणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यातील आर्वी तालुक्याचे काकडदरा पाहा. कोलाम बांधवांच्या या लहानशा गावाने श्रमदानाच्या बळावर २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. तिथे माणसे एकत्र आली, हीच खरी पुंजी होती.

पाणी हा आपल्यासाठी केवळ बागेचा विषय नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा पाण्यावर माणसाचा हक्क सांगितला. हक्क मिळवलेले पाणी नालीत जाऊ देणे आपणास शोभत नाही. तसेच, छपराचे पाणी साठवले म्हणून नळाचा हक्क सोडायचा नाही. नगरपालिकेकडे पुरेशा पाण्याची मागणी चालूच ठेवावी.

परिषदेत पहिला शब्द भगिनींचा असावा. गुंडभर पाण्यासाठी नळावर ताटकळणे त्यांच्याच वाट्याला येते. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासात विहारात आपण ग्रंथवाचनाला जमतोच. त्याआधी विहाराच्या छपराला पन्हाळी लागावी, आवारात चार मडकी पुरली जावीत. पिकलेली भाजी वस्तीतील ज्या घरी रोजी बंद आहे, तिथे आधी पोहोचावी. एवढे झाले तर आमच्या मते परिषद भरली, मग मंडप नसला तरी चालेल.