हसू येते, पण शेजारच्या टेबलावर

मंडळी, सरकारी कारकुनाने जसपाल भट्टींचे गुणगान करावे म्हणजे उंदराने मांजराची आरती ओवाळण्यासारखेच आहे. तरीही ओवाळतो. कारण आमच्या जातकुळीला त्यांच्याइतके आतून ओळखणारा दुसरा विनोदवीर मला दूरदर्शनवर दिसला नाही.

‘फ्लॉप शो’ आला १९८९ साली. तेव्हा गोव्यात काय किंवा पंजाबात काय, टीव्ही म्हणजे दूरदर्शन आणि दूरदर्शन म्हणजे सरकार. त्या सरकारी पडद्यावरच सरकारी कारभाराची टवाळी सुरू झाली. भाग किती, तर अवघे दहा! आज एखादी मालिका दहा भागांत नायिकेला जिना उतरवू शकत नाही.

भट्टी अमृतसरचे, जन्म १९५५ चा. चंदीगडच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजातून ते विजेचे इंजिनीअर झाले. ‘नॉनसेन्स क्लब’ काढून रस्त्यावर गमतीदार प्रयोग केले, ‘ट्रिब्यून’मध्ये व्यंगचित्रे काढली. दूरदर्शनवर आधी ‘उल्टा पुल्टा’ नावाच्या चार-दोन मिनिटांच्या चुटक्यांनी ते घरोघर पोचले, मग ‘फ्लॉप शो’. दर भागाची गोष्ट वेगळी, पण माणसे तीच. पत्नी सविता, विवेक शौक आणि स्वतः भट्टी दर आठवड्याला नव्या सोंगात. श्रेयनामावलीत दिग्दर्शकाऐवजी ‘मिसडायरेक्टेड बाय’, आणि शेवटी एखाद्या सिनेगीताचे विडंबन.

आता मुद्द्याचे. विडंबनाचे गाणे आपल्याला नवे नाही. तियात्रातल्या कांतारात मंत्र्यासंत्र्यांची नावे घेऊन धुलाई होते आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. पण तिथे मार खाणारा वर, खुर्चीत बसलेला असतो. आपण खाली, सुरक्षित! भट्टींनी मंत्र्यापेक्षा मधल्या माणसाला जास्त धरले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला घरकामाला जुंपणारा गाइड, वैद्यकीय बिलांची खोटी भरपाई उकळणारे नोकरदार, कंत्राटदार, बैठका घेण्यासाठीच बैठका घेणारे साहेब. हे कोणी खलनायक नव्हेत. ते आपले मावसे, मेहुणे, शेजारी. खोटे मेडिकल बिल करणारा माणूस घरी येऊन मुलाला ‘खरे बोलावे’ म्हणून शिकवतही असेल.

पुढे २००१ साली ‘ऑफिस ऑफिस’ आले. पंकज कपूरचा मुसद्दीलाल मलाही आवडतो. पण तो बिचारा सगळ्या टेबलांवर नाडला जाणारा. तो पाहताना आपण सगळेच मुसद्दीलाल होतो, टेबलामागचा माणूस कोणीच होत नाही. भट्टींनी ही पळवाट ठेवली नाही. लबाडाचे काम ते पुष्कळदा स्वतःकडे घेत, आणि तेही इतक्या शांत, सुतकी चेहऱ्याने, की जणू लबाडी म्हणजे सकाळचा चहा.

आणखी एक गोष्ट. हिंदी सिनेमात पगडी दिसली की ‘आता हसायचे’ अशी खूण असायची. भट्टींच्या डोक्यावर पगडी होती, पण विनोद पगडीवर नव्हता. कुणाच्या भाषेला, व्यंगाला, बायकी वेषाला हात न लावता माणसे खो-खो हसतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे सिनेमाने त्यांना बहुतेक किरकोळ भूमिकाच दिल्या. ‘फना’तला (२००६) जॉली गुड सिंग लोकांना आठवतो, पण त्यात ‘फ्लॉप शो’ची धार कुठली?

माझे एक मित्र म्हणतात, “एवढे हसून बदलले काय? उलट भ्रष्टाचार गमतीचा वाटू लागला.” आक्षेप खोटा नाही. आमच्या कचेरीतही मोबाइलवर त्या जुन्या भागांचे तुकडे फिरतात. सगळे पोट धरून हसतात आणि हसताना प्रत्येक जण शेजारच्या टेबलाकडे बघतो! पण हा दोष आरशाचा नव्हे. भट्टींनी शेवटी लबाडाला पोलिसांकडे देऊन प्रेक्षकाला मोकळे केले असते, तर आपण समाधानाने टीव्ही बंद केला असता. त्यांनी प्रश्न उघडा ठेवला, म्हणूनच ते दहा भाग अजून शिळे होत नाहीत. खरे तर ते शिळे व्हायला हवे होते. “हे मेडिकल बिल म्हणजे काय हो?” असे मुलांनी विचारायला हवे होते. ती ताजी राहिली ही भट्टींची थोरवी आणि आपली नामुष्की, दोन्ही एकदमच.

२५ ऑक्टोबर २०१२ ला जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ मोटार अपघातात ते गेले. त्यांचा ‘पॉवर कट’ हा सिनेमा दुसऱ्याच दिवशी लागायचा होता, त्याच्याच प्रचाराची ती धावपळ. विजेच्या इंजिनीअरने वीज जाण्यावर काढलेला सिनेमा! २०१३ साली मरणोत्तर पद्मभूषण मिळाले. ज्या सरकारची खिल्ली उडवली त्याच सरकारने. त्यांना हा योगायोग आवडला असता, असे मला वाटते.

पदक सरकारने दिले, आपला वाटा बाकी आहे. पुढच्या वेळी तो तुकडा फोनवर आला की हसा, जरूर हसा. फक्त त्या वेळी नजर आपल्याच टेबलावर असू द्या.