सोळा वर्षांच्या पोरीचं ओळखपत्र

मागच्या विकांताला रत्नागिरीला जाऊन आलो. लग्नकार्य नाही, गणपती नाही, नुसतंच मावशीकडे. मांडवीला संध्याकाळी फिरायचं आणि उरलेला वेळ झोपा काढायच्या, एवढाच बेत होता. पण आयटीतल्या भाच्याला कोकणात कोणी झोपू देत नाही. प्रिंटर बंद आहे, मोबाइल स्लो झालाय, अशी यादी तयारच असते. या वेळी यादीत पहिला नंबर होता, "अरे, हिला नीट फोटोवालं ओळखपत्र कुठलं काढू ते सांग आधी."

ही म्हणजे माझी मावसबहीण. वय वर्षं सोळा, अकरावी सायन्स. झालं असं की एका परीक्षेला ती आधार कार्ड घेऊन गेली. कार्डावरचा फोटो सहाव्या वर्षीचा, दोन शेंड्या आणि पुढचा दात पडलेला. गेटवरच्या माणसाने एकदा कार्डाकडे बघितलं, एकदा हिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाजूला उभी राहा." त्यात हॉल तिकिटावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. वीस मिनिटांनी आत सोडलं, पण तोवर पोरीचे हातपाय गार पडले होते. आता पुढच्या महिन्यात ती एकटी पुण्याला जाणार आहे, म्हणून मावशीचा जीव टांगणीला.

काकांचं उत्तर तयार होतं. "पॅन काढलंय की तिचं!" काढलं होतं खरंच. पण अठराच्या आतल्यांच्या पॅन कार्डावर फोटोही नसतो आणि सहीही नसते. म्हणजे या कामासाठी उपयोग शून्य. मतदार कार्ड अठरा पूर्ण झाल्यावर. सतराव्या वर्षी आगाऊ अर्ज करता येतो, इतकंच. लायसन्स सोळाव्या वर्षी मिळू शकतं, पण 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि पालकांच्या संमतीने. नुसत्या ओळखपत्रासाठी हा उद्योग कोण करणार?

उरली तीन. आधार, पासपोर्ट आणि कॉलेजचं आयकार्ड. मावशीचं म्हणणं साधं होतं, "आधार सगळीकडे चालतं, मग तेच दुरुस्त करून पर्समध्ये टाकू दे." ९० टक्के घरांत हेच उत्तर मिळेल. आणि इथेच माझं वेगळं मत आहे.

आधार दुरुस्त करायचंच, त्यात वाद नाही. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. पंधरा ते सतरा या वयात हे काम फुकट होतं. हिच्या पंधराव्या वर्षाचं अपडेट राहूनच गेलं होतं. ते झालं की दात पडलेली पोरगी कार्डावरून जाईल आणि सोळा वर्षांची येईल. गेटवरचा निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

पण ते पर्समध्ये टाकून गावभर फिरवायचं का? आमच्या धंद्यात एक नियम असतो. ज्या कामाला जेवढी परवानगी लागते तेवढीच द्यायची, त्याहून जास्त नाही. रिपोर्ट वाचायला आलेल्या माणसाच्या हातात आपण सगळ्या सर्व्हरचा पासवर्ड ठेवत नाही. मग "ही मुलगी विद्यार्थिनी आहे का" एवढंच ज्याला बघायचंय, त्याला तिचा आधार नंबर, जन्मतारीख आणि घरचा पत्ता कशाला?

अतिशयोक्ती वाटत असेल तर कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहा. मी राहिलोय. प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली आधार कार्डं त्या कॉम्प्युटरवर रांगेत पडलेली होती, नावांसकट. त्यात शाळकरी मुलीही होत्या. दुकानदार वाईट नव्हता, डिलीट करायला त्याला वेळ नव्हता, बस. कोण मुलगी, किती वर्षांची, कुठे राहते, सगळं एका क्लिकवर. मावशीला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा गप्प झाली.

गंमत म्हणजे ही पोर आणि आधार जवळजवळ एकाच वयाचे. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. या पिढीने आधारशिवायचं जग पाहिलेलंच नाही, त्यामुळे "देऊ का नको" हा प्रश्नच त्यांना पडत नाही. 2018 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं सांगितलं होतं. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच कोर्टाने वय ठरवताना आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. म्हणजे ज्या आधारला आपण सर्वज्ञ समजतो, ते जन्मतारखेचा पुरावासुद्धा नाही!

तर माझं मत असं. खिशात असावं ते कॉलेजचं आयकार्ड. त्यावर यंदाचा फोटो, नाव आणि कॉलेज, संपलं. मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजचं फोटो असलेलं आयकार्ड रेल्वेतही चालतं, म्हणजे टीसीसमोर घाबरायचं कारण नाही. हरवलं तर कॉलेजातून दुसरं मिळतं. फक्त ते कॉलेजने नीट द्यायला हवं. फिकट झेरॉक्सवर चिकटवलेला फोटो आणि पेनाने लिहिलेलं नाव, याला कोण ओळखपत्र म्हणेल? पालकसभेत मार्कांबरोबर हाही विषय काढा.

आधार घरी. जिथे मागतीलच तिथे मास्क केलेलं, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं. काही परीक्षांना सरकारी ओळखपत्रच लागतं, म्हणून हॉल तिकिटावरची यादी आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी वाचायची.

आणि ऐपत असेल तर पासपोर्ट. पंधरा ते अठरा या वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, फी 1,500 रुपये. परदेशी जायचं नसलं तरी फोटो, नाव, जन्मतारीख एकदा नीट तपासून एका जागी येतात. पण तो एसटीत घेऊन फिरायची वस्तू नव्हे.

या सगळ्याच्या आधी एक काम मात्र करा. नाव सगळीकडे एकसारखं करून घ्या. आडनाव आधी की शेवटी, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, स्पेलिंगमध्ये एक ए की दोन. आमच्याकडे डेटाबेसमध्ये असा घोळ झाला तर बग म्हणतात आणि कोणीतरी रात्री जागून सोडवतो. इथे तो घोळ सोळा वर्षांची पोर परीक्षेच्या गेटवर उभी राहून निस्तरते.

रविवारी निघताना तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" तर म्हणाली, "दादा, मला हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारतंय. सगळी कार्डं आईच्या कपाटात असतात, किल्ली पण तिच्याकडेच." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन वर्षांनी ती अठराची होईल, आधार ठेवायचं की रद्द करायचं हे ठरवायची संधीही कायद्याने तिला मिळेल. त्याआधी कुठलं कार्ड कुठे दाखवायचं आणि कुठे "नाही" म्हणायचं, याची सवय तिला कधी लागणार?

मावशी किल्ली देईल की नाही माहीत नाही. आयकार्डसाठी नवा फोटो काढायला मात्र सोमवारी दोघी मारुती मंदिरला जाणार होत्या. असो. सुरुवात तर झाली!