लेकराचे सांधे दुखतात तेव्हा

गांधीबागेत कापडाच्या गाठी वाहणाऱ्या आपल्या हमाल बांधवांच्या आणि दुकानात काम करणाऱ्या भगिनींच्या घरी एक तक्रार नेहमी ऐकू येते. पोराचे गुडघे दुखतात, मनगट सुजते, रात्र-रात्र रडते. वाढीचे दुखणे आहे, वात आहे, असे म्हणून तेल चोळले जाते. कुणी अंगारा-दोराही सुचवतो. त्याविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नागपुरात अशा वेळी दोन आजार आधी आठवावेत : सिकलसेल आणि लहान मुलांचा संधिवात.

विदर्भात सिकलसेल आदिवासी बांधवांत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात अधिक आढळतो. मलेरियाच्या मुलखात वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. यात लाजण्यासारखे काय आहे? तरी सोयरीक मोडेल म्हणून घराघरांत रिपोर्ट लपवले जातात, याचे आम्हाला वाईट वाटते.

सिकलसेलचे दुखणे अचानक उठते. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, अतिश्रम यांनी ते वाढते आणि काही दिवसांत ओसरते. अगदी तान्ह्या लेकराचे हातपाय सुजतात. संधिवाताची सूज मात्र सहा आठवडे उलटले तरी जात नाही. सकाळी सांधा आखडलेला असतो, चालता-फिरता मोकळा होतो.

पहिल्या साध्या रक्ततपासणीत सिकलसेल 'आहे' एवढेच कळते. मूल वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीत कळते. इथेच घोळ होतो. वाहकाचे सांधे सहसा सिकलसेलने सुजत नाहीत. मूल एएस असून गुडघा सुजलेलाच राहिला, तर 'सिकल आहे' म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना संधिवाताचे विचारा. गांधीबागेतल्या डागा रुग्णालयात सिकलसेलची तपासणी होते. मेयो आणि मेडिकलही दूर नाहीत. एक दिवसाची रोजी बुडते हे आम्ही जाणतो, तरीही जा.

औषध आहे, आणि त्यातले मोलाचे संशोधन आपल्या नागपुरात झाले. मेडिकलच्या डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या ६० मुलांचे दोन गट केले. एका गटाला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वजनाच्या दर किलोला रोज १० मिलिग्रॅम दिले, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी. दीड वर्षात औषधाच्या गटातील दुखण्याचे झटके खूप घटले, रक्तही कमी वेळा चढवावे लागले. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. या औषधाने जन्माआधीच्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते, त्यामुळे पेशी कमी वाकड्या होतात. मात्र रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी लागते.

संधिवाताकरिता मेथोट्रेक्सेट आहे. १९९२ साली अमेरिका व सोव्हिएत संघातील डॉक्टरांनी १२७ मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हापासून त्याचा भरवसा वाढला. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज दिले तर जिवावर बेतते. म्हणून वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. आणि डोळे तपासून घ्या. या संधिवातात काही मुलांचा डोळा आतून सुजतो, तो लाल होत नाही, दुखत नाही, आणि मूल तक्रारही करत नाही.